पायरी नसलेलं दार

हॅमिल्टन, ऑन्टारिओ
२ मे १९९७

ती. ताई,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून ही आनंदाची बातमी पत्राने कळवतोय. गॅनेट कोव्हच्या आपल्या घराला वारशाचा दर्जा मिळणार आहे! हिवाळ्यात मी सेंट जॉन्सच्या वारसा मंडळाकडे अर्ज केला होता. त्यांना फोटो फार आवडले. मंजुरी जवळजवळ ठरल्यासारखीच आहे. दारावर पितळी पाटी लागेल. दुरुस्तीला अनुदान मिळेल. बाबा असते तर छाती फुगली असती त्यांची.

मी अर्जात लिहिलेला मजकूर तुला वाचायला देतो: ‘किनाऱ्यावरील पारंपरिक ग्रामीण घर आणि त्याचे आवार यांचा हा अभंग नमुना आहे. घर मूळ जागी उभे आहे. हाइन्स कुटुंबाने चार पिढ्या येथे वास्तव्य केले, दगड वेचून बाग केली, कुंपण घातले.’ कसं वाटलं? दोन रात्री बसून लिहिलाय.

आता तुझ्याकडून थोडीशी मदत हवी. तू प्लॅस्टिकच्या खिडक्या बसवणार होतीस, त्या बसवू नकोस, मंडळाला चालत नाहीत. समोरच्या दाराला पायऱ्या नाहीत, त्या अनुदानातून करून घेऊ. म्हणजे पाहुणे समोरून येतील, फोटोतही बरं दिसेल. आणि सोबतच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही कर. घरात राहणारं माणूस तूच, तुझ्या सहीला वजन आहे.

मुली बऱ्या आहेत. तुझ्या रुबार्बच्या मुरंब्याची आठवण काढतात.

तुझा,
लिअँडर


गॅनेट कोव्ह, न्यूफाउंडलंड
१४ मे १९९७

लिअँडर,

आशीर्वाद खाली लिहीन, राग उतरला तर. उतरेल असं काही दिसत नाही.

‘मूळ जागी’! अरे, तू तेव्हा बारा वर्षांचा होतास, पाळण्यात नव्हतास. हे घर टिंकर बेटावर बांधलं आपल्या पणजोबांनी. बेटावर मास्तर येईना, डॉक्टर येईना, सरकार म्हणालं उठा. मग बाबांनी घर समुद्रात घातलं आणि ओढत इथं आणलं. मी बावीस वर्षांची होते. चार पिढ्या इथे कोण राहिलं रे? खेकडे?

आणि ‘दगड वेचून बाग केली’ म्हणे हाइन्सांनी. ती बाग पार्डींची, ॲबनर काकाच्या घराण्याची. ॲबनर काकाच्या आईने एप्रनमध्ये दगड वेचून टाकले, खांद्यावरून समुद्री शेवाळ आणून घातलं, तेव्हा कुठे त्या खडकावर बटाटा धरला. आपलं घर खाडीत तरंगत होतं आणि टेकवायला वीतभर जागा नव्हती. सख्खा मामा समोर उभा होता, पण बाबांचं आणि इलाय मामाचं बोलणं नव्हतं, तो जागचा हलला नाही. ॲबनर काका मात्र खाली आला, आपल्याच बटाट्यांच्या मधोमध फावडं रोवलं आणि म्हणाला, “जोसाया, इथं टेकव. घर आहे तोवर जागा तुझी. घर गेलं की आमची.” बस्स. ना कागद, ना पैसा. आईने त्याला चहा दिला आणि विषय संपला. आणि तू त्याच्या आईचे दगड आपल्या नावावर छापतोस? लाज कशी वाटली नाही? त्याची मुलगी एफी अजून वरच्या वळणावर राहते, रोज मला हाक मारून जाते.

आता पायऱ्या. त्या दाराला पायरी कधीच नव्हती आणि असणार नाही. कुणी दार वापरतं का समोरचं? माणसं स्वयंपाकघरातून येतात. समोरच्या दारातून माणूस एकदाच जातो, आणि तेव्हा त्याला पायरी लागत नाही. आई गेली तेव्हा ते उघडलं. खाली चौघं तिची शवपेटी घ्यायला हात वर करून उभे होते आणि तू होतास त्यांत. विसरलास? बाबांच्या नशिबी तेही नाही आलं. समुद्राने त्यांना परतच दिलं नाही. आणि तिथून तू पाहुणे आणणार, बॅगा घेऊन!

कागदावर सही केलेली नाही. चुलीत घातला. ईशान्येचा वारा खिडकीतून आत येऊन माझ्या चहात बसतो, तेव्हा खिडक्याही बसवणार आहे.

ड्रुसिला


हॅमिल्टन
२९ मे १९९७

ती. ताई,

तू उगाच एवढं मनाला लावून घेतेस. अर्जाची भाषा अशीच असते गं. घर हललं असं लिहिलं की शंभर प्रश्न विचारतात, ‘मूळ जागी’ लिहिलं की पुढे सरकतं. त्यात कुणाचं काय वाईट झालं?

पार्डींचं म्हणशील तर ॲबनर काका देवमाणूस, मी कुठे नाही म्हणतो? पण तो जाऊन किती वर्षं झाली. एफीची मुलं अल्बर्टात. ती काय करणार आहे त्या तुकड्याचं? शिवाय दोन वर्षांपूर्वी मी ती जागा रीतसर मोजून माझ्या नावावर करून घेतली आहे, तुला सांगायचं राहून गेलं. बाबांच्या मागे कुणीतरी करायलाच हवं होतं. आज तोंडाच्या शब्दावर कुणी काही चालवत नाही.

तू शांत हो. उन्हाळ्यात एक-दोन जण घर बघायला येतील, मंडळाचे किंवा ओळखीचे. त्यांच्याशी नीट बोल, एवढंच. आणि खिडक्या थांबव, प्लीज.

लिअँडर


गॅनेट कोव्ह
१९ जून १९९७

लिअँडर,

तुझे ‘ओळखीचे’ येऊन गेले.

मी पाव मळत होते. एकदम दार वाजलं. आपल्याकडे दार वाजवतं कोण? पोलीस, नाहीतर नवा पाद्री. मला वाटलं कुणीतरी बुडालं. पिठाच्या हातांनी धावले, तर आवाज समोरच्या दाराकडून! खिडकीतून बघते तो काय, टोरंटोचं एक जोडपं माझ्या रुबार्बच्या वाफ्यात उभं. तो चवड्यांवर उभा राहून उंबऱ्यावर टकटक करतोय, ती त्याला मागून धरून ठेवतेय. मी ओरडले, “मागून या! आणि रुबार्ब तुडवू नका!”

आत आले. बाईने पर्समधून टेप काढली आणि स्वयंपाकघर मोजायला लागली. स्टोव्हच्या जागी म्हणे दारूचं काउंटर करणार. आईच्या दिवाणाच्या जागी पाहुण्यांच्या नावांची वही. मी म्हटलं, बाई, तुम्ही मंडळाच्या का? ती हसली. “छे छे, आम्ही घर घेतोय ना! वारशाचा दर्जा मिळाला की व्यवहार पक्का. तुम्ही केव्हा जाणार गँडरला?”

“गँडरला कशाला?”

“वृद्धाश्रमात. लिअँडर म्हणाले, तुम्हीच मागे लागला आहात त्यांच्या.”

मी एकोणसाठ वर्षांची आहे, गाढवा! लाकडं मी फोडते, छपरावर मी चढते, आईचं सगळं अंथरुणात मी केलं. तुझ्या वृद्धाश्रमात तूच जा.

त्यांना चहा दिला. पाव आणि बेरीचा मुरंबाही दिला, कारण या घरात आलेल्याला चहा मिळतो, मग तो मला गाडायला का आलेला असेना. बिचारी वाईट माणसं नव्हती. तू त्यांच्याशीही खोटंच बोललास.

ते गेल्यावर एफी आली. तिने वळणावरून सगळं बघितलं होतं. बसली, कप हातात फिरवत राहिली, मग हळूच म्हणाली, “ड्रुसी, आपली जागा विकतोय का गं तो?” आपली म्हणाली ती. मला वर बघवेना. ती कप न संपवता उठून गेली, आणि एफी पार्डीने या घरात कप अर्धा ठेवल्याचं मला आठवत नाही.

लिअँडर, मला सरळ उत्तर दे. मला या घरातून काढणार आहेस का? आणि ॲबनर काकाच्या शब्दाचं काय करणार आहेस?

ड्रुसिला


हॅमिल्टन
३ जुलै १९९७

ताई,

सरळ हवंय ना? घे सरळ.

हो, विकतोय. पोलाद कारखान्यातला माझा विभाग जानेवारीत बंद झाला. तुला सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस. तू कधीच काही विचारत नाहीस. मी सोळाव्या वर्षी निघालो, कारण बाबा समुद्रात गेले आणि घरात दुसरा कमावता नव्हता. छप्पर कुणाच्या पैशाने झालं? वीज कुणी आणली? आईची औषधं? तू राहिलीस म्हणून तू संत आणि मी गेलो म्हणून मी चोर, असाच हिशोब आहे ना तुमचा सगळ्यांचा?

आणि काय राखून ठेवलंय तिथे? कॉड संपला. मासेमारीवर बंदी येऊन पाच वर्षं झाली. बोटी बांधून पडल्यात, मासे वाळवायचे मांडव कुजलेत. शाळा याही वेळी बंद होणार. टिंकर बेटावर झालं तेच होणार, फक्त या वेळी ओढून न्यायला कुणी नसेल. तू गेल्यावर ते घर दोन हिवाळ्यांत पडेल. मी ते वाचवतोय. टोरंटोची माणसं रंग तरी लावतील, दिवा तरी लावतील. वारसा म्हणजे आणखी काय असतं?

ॲबनर काकाचं बोलणं कोर्टात चालत नाही. माझा कागद चालतो. ३० सप्टेंबरला ताबा द्यायचा आहे. गँडरची खोली चांगली आहे, खिडकी दक्षिणेला आहे, मी स्वतः चौकशी केली आहे. मला शिव्या देऊन झाल्या की सामान बांधायला घे.

लिअँडर


गॅनेट कोव्ह
२२ जुलै १९९७

लिअँडर,

कारखान्याचं वाचलं. वाईट वाटलं. मी विचारलं नाही हे खरं आहे.

भांडण बाजूला ठेवते. एक विचारायचंय. घर बेटावरून आणलं तेव्हा मी आईबरोबर पुढच्या बोटीत होते. आई म्हणाली, मागे बघायचं नाही, म्हणून मी एकदाही मागे बघितलं नाही. तू बाबांबरोबर घरात होतास. ॲबनर काका गेला, बेटावरचा सायलस गेला, दोर धरणारे बहुतेक गेले. हे सगळं पाहिलेला तूच उरला आहेस. कसं केलं बाबांनी? पिंपं कुठे बांधली, पाणी किती आलं, दोर कसा लावला? नीट आठवून लिही. सगळं जाण्याआधी एकदा मला कळायला हवं.

जेवत जा वेळेवर.

ताई


हॅमिल्टन
४ ऑगस्ट १९९७

ती. ताई,

तुझं पत्र वाचून बरं वाटलं. तू समजून घेतलंस. मंडळालाही ही माहिती देता येईल पुढेमागे, आपण मजकूर बदलू, तू म्हणशील तसा. मुलींना हे सांगायला गेलो तर मोबाइल फोनचं काहीतरी बोलायला लागतात. तू पहिलीच आहेस विचारणारी.

तर ऐक. आधी धुराडं उतरवलं, वीट वीट करून. स्टोव्ह बाहेर काढला. मागची पडवी कापून वेगळी केली. मग घराखालचे लाकडी खुंट एकेक काढत सोललेले ओंडके सरकवले, त्यांना माशाचं तेल चोपडलं. तो वास मला अजून येतो. सगळं बेट दोराला लागलं होतं. बायका, म्हातारे, पाद्रीसुद्धा. एक जण आरोळी द्यायचा, सगळे ओढायचे, घर हातभर पुढे. ओहोटीच्या रेषेपर्यंत नेलं आणि तिथे थांबलो. मग खालच्या तुळयांना चहूबाजूंनी रिकामी तेलाची पिंपं बांधली, दाराच्या फटी डांबरी काथ्याने बुजवल्या आणि भरतीची वाट बघत बसलो. घर उचललं गेलं ना ताई, ते कळलंसुद्धा नाही! मी जिन्यात बसलो होतो. एवढंच जाणवलं की घर एकदम हलकं झालं, पायाखालची जमीन असते ती नव्हती.

बाबांनी जिन्याच्या भिंतीवर खडूने रेघ ओढली होती. म्हणाले, “पाणी इथवर आलं तर ओरड. नाही आलं तर तोंड बंद.” मी पूर्ण रस्ताभर त्या रेघेकडे बघत होतो. पाणी खाली डुचमळत होतं, आईचे कप फळीवर किणकिणत होते. एकही फुटला नाही.

एक गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. दोर उंबऱ्याच्या तुळईला लावायचा नाही. सायलसने तसंच केलं होतं, आदल्या आठवड्यात. तुळई निघून बोटीमागे आली आणि घर मध्येच बसलं, त्याच्या बायकोच्या डोळ्यांदेखत. बाबांनी दोर अख्ख्या घराच्या पोटाला गुंडाळला, खिडक्यांच्या खालून, दोन वेढे, आणि कोपऱ्यांवर जुन्या गोधड्या घातल्या. म्हणाले, “घराला हाताला धरून ओढायचं नसतं, कमरेत धरून न्यायचं असतं.” वारा पडलेला हवा, भरती पुनवेची हवी. बोटी दोन, एकाच वेगाने.

लिहिताना डोळे भरून आले. बरं झालं विचारलंस. सप्टेंबरअखेरीस येतो ताबा द्यायला, तेव्हा बसून बोलू.

तुझा,
लिअँडर


गॅनेट कोव्ह
१८ सप्टेंबर १९९७

लिअँडर,

ताबा द्यायला येण्याची घाई करू नकोस. द्यायला काही राहिलेलं नाही.

काल पुनवेच्या भरतीला घर हललं. आता ते खाडीच्या पलीकडे, इलाय मामाच्या बागेत आहे. मामा मरताना ती जागा मला देऊन गेला होता, आठवतं ना? जिवंतपणी बाबांना दिली नाही, मेल्यावर मला दिली, असाच होता तो. कागद आहे माझ्याकडे, तुला कागद आवडतात म्हणून सांगते. आणि तुझा कागद जागेचा आहे. मोजणीवाल्याने जमीन मोजली, घर मोजलं नाही. घराचा कागद टिंकर बेटावर कुणी कधी केलाच नव्हता. घर राहणाऱ्याचं, म्हाताऱ्यांचं करणाऱ्याचं. ही रीत तुला माहीत आहे.

‘ओढून न्यायला कुणी नसेल’ असं लिहिलं होतंस. सगळी आली! मी फक्त बोटवाल्या वॉल्टर टकला सांगितलं, की मला गँडरला धाडतायत आणि ॲबनरची जागा विकतायत. त्याने पुढचं सांगितलं. बंदीमुळे बांधून पडलेल्या बोटींची इंजिनं त्यांनी आठवडाभर दुरुस्त केली, एकमेकांना शिव्या घालत. चार म्हातारे ओंडके सोलायला बसले आणि गाठीवरून त्यांचं असं जुंपलं की मला मध्ये पडावं लागलं. माशाचं तेल कुठून आणणार? मासाच नाही. भांड्यांचा साबण चोपडला. ओढताना सगळीकडे फेस आणि लिंबाचा वास. इतक्या वर्षांत या खाडीत इतकी माणसं एकदम हसताना मी पाहिली नव्हती.

जिन्यात खडूची रेघ ओढली आणि एफीला बसवलं. मी वरच्या खिडकीत होते. या वेळी मी मागे बघितलं, लिअँडर. पूर्ण वेळ बघत राहिले.

परत आलो तेव्हा जागेवर खुंटांची भोकं, रुबार्ब आणि घराएवढं पांढुरकं गवत होतं. एफी वर गेली आणि बापाचं फावडं घेऊन आली. मधोमध रोवलं. मग माझ्याकडे येऊन चहा प्यायली आणि कप पुरा केला.

आज मंडळाची बाई आली, पितळी पाटी घेऊन. रिकाम्या जागेपुढे उभी राहून तिने मला विचारलं, घर कुठाय? मी बोट दाखवलं. तिला सगळं सांगितलं, बेटापासून. तिने पाटी पिशवीत परत ठेवली. म्हणाली, हे अर्जात का नव्हतं? मी म्हटलं, ज्याने लिहिलं त्याला विचारा.

टोरंटोच्या जोडप्याला मी स्वतः पत्र घातलंय. मुरंब्याची बाटलीही पाठवली, त्यांचा दोष नाही.

ड्रुसिला


हॅमिल्टन
३० सप्टेंबर १९९७

ताई,

व्यवहार मोडला. अर्ज रद्द. त्यांचा वकील मला खोटारडा म्हणतोय. मी तुझ्यावर केस करू शकतो, हे तुला माहीत आहे का? सख्ख्या बहिणीने घर पळवलं म्हणून पोलिसांत कसं सांगू, तूच सांग.

तू मला फसवलंस. ते पत्र मी रडत लिहिलं होतं. मला वाटलं, इतक्या वर्षांनी तू मला काहीतरी विचारतेयस. आणि तू त्याचा दोर केलास. पुन्हा कधी मला लिहू नकोस.

लिअँडर

ता. क. दोर पोटाला घेतला होता ना? उंबऱ्याची तुळई सरकली तर नाही?


गॅनेट कोव्ह
१३ ऑक्टोबर १९९७

लिअँडर,

लिहू नकोस म्हणून वर प्रश्न विचारतोस, म्हणजे उत्तर द्यायलाच हवं.

पोटालाच घेतला. वॉल्टर ऐकेना, म्हणाला उंबऱ्याला बांधू, वेळ वाचेल. मी तिथेच चिखलात उभी राहून तुझं पत्र मोठ्याने वाचलं, सायलसच्या बायकोपासून पोटाच्या वेढ्यांपर्यंत. सगळे टोप्या काढून ऐकत होते. मग वॉल्टर म्हणाला, “जोसायाचा पोरगा म्हणतो ना, मग पोटालाच.” कोपऱ्यांना आईच्या गोधड्या घातल्या. तुळई जागची हलली नाही. आईच्या कपांतला एक फुटला, तो एफीच्या हातून, उतरताना.

फसवलं म्हणतोस. हो, फसवलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा फसवीन. तू मला घरातून काढत होतास आणि मेलेल्या माणसाचा शब्द विकत होतास. माझा राग गेलेला नाही, जाईल असंही वाटत नाही. पण त्या दिवशी ते घर तू आणलंस, लिअँडर, हे खाडीतला प्रत्येक माणूस बोलतोय, आणि मी खोडून काढलेलं नाही.

पोलीस आला होता, तुझ्याकडून नाही, कुणी तरी कळवलं म्हणून. बिचाऱ्याला सुचेना काय लिहावं. चहा पिऊन गेला.

आता एक काम कर. जागेचा तो कागद एफीच्या नावावर करून पाठव. घर गेलं, आता जागा त्यांची, असं ठरलं होतं. आशीर्वाद मी त्यानंतर लिहीन.

तोवर काम मिळालं नाही तर इकडे ये. मुलींनाही आण. दिवाण होता तिथेच आहे, स्टोव्हशेजारी. समोरचं दार समुद्राकडे केलंय, पायरी याही वेळी नाही. ते दार माझ्यासाठी आहे, आणि खाली हात वर करून उभं राहायला तू लागशील. तू येशील तेव्हा स्वयंपाकघराकडून ये, सरळ आत. दार वाजवू नकोस. वाजवलंस तर मी म्हणेन, कुणीतरी घर बघायला आलंय.

ड्रुसी